इंटर्नशिप हा विषय म्हणून शिकवा: बायोमेडिकल शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक, तंत्रशिक्षण संचालनालय, पर्वरी,
माननीय प्राचार्य, गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने,
आणि गोव्यातील सरकारी व खासगी इस्पितळांची व्यवस्थापने.

सविनय नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात राहणारा एक बायोमेडिकल अभियंता आहे. माझे पदवीचे शिक्षण गोव्याबाहेर झाले आणि सध्या मी गोव्यातल्या एका खासगी इस्पितळात यंत्रसामग्रीची देखभाल पाहतो. आमच्या विभागात विद्यार्थी इंटर्नशिपसाठी येतात. काही मणिपाल, मुंबई, बंगळुरू येथे बायोमेडिकल शिकणारी आणि सुट्टीत घरी आलेली गोव्याची मुले असतात, तर काही इथेच इलेक्ट्रॉनिक्सची पदवी किंवा पदविका घेत असताना वैद्यकीय उपकरणांकडे वळू पाहणारी असतात. दोन्ही गटांची हुशारी आणि उमेद वादातीत आहे, पण त्यांच्या हातात जे पत्र असते त्यात बहुधा एकच ओळ असते: सदर विद्यार्थ्यास दोन आठवड्यांची इंटर्नशिप द्यावी व तसे प्रमाणपत्र द्यावे. त्याने काय शिकावे, कोणी शिकवावे, कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, याबद्दल त्या पत्रात अवाक्षर नसते. हे पत्र त्याच एका ओळीविषयी आहे.

गोव्यात या विषयाची स्वतंत्र पदवी कुठे आणि कशी असावी हा प्रश्न मी येथे बाजूला ठेवतो. त्याला जागा, प्राध्यापक, मान्यता आणि पैसा लागतो. माझी मागणी त्याहून लहान आहे आणि ती मान्य करणे आपल्या हातात आहे. बायोमेडिकल उपकरणांकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षात पूर्ण एक सत्र इस्पितळाच्या देखभाल विभागात काढता यावे, त्याच्यासाठी नावानिशी नेमलेला मार्गदर्शक असावा, आणि त्याचे गुण त्याने केलेल्या कामाच्या नोंदवहीवरून ठरावेत.

यात मी अभ्यासक्रमाबाहेरचे काही मागतो आहे असे नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या इंटर्नशिप धोरणात पदवीच्या काळात सुमारे ६०० ते ७०० तासांच्या प्रत्यक्ष कामाची अपेक्षा धरलेली आहे. आठवड्याला ४० तास धरले तर १६ आठवड्यांत ६४० तास होतात, म्हणजे बरोबर एक सत्र. आज हेच तास दोन आठवडे इथे, तीन आठवडे तिथे आणि उरलेले एखाद्या ऑनलाइन कोर्सच्या नावावर असे विखुरले जातात. नियम पाळल्याची नोंद होते, पण एखादे यंत्र बिघडल्यापासून दुरुस्त होऊन पुन्हा रुग्णाच्या उशाशी लागेपर्यंतचा पूर्ण प्रवास त्या मुलाला एकदाही पाहायला मिळत नाही.

हा प्रवास पाहणे का आवश्यक आहे, हे एका साध्या तक्रारीवरून सांगतो. पावसाळ्यात आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार ईसीजी मशीनची असते. वॉर्डमधून निरोप येतो की मशीन खराब आहे, कागदावर रेषेऐवजी जाड पट्टा उमटतो. हृदयाचा जो विद्युत संकेत आपण मोजतो तो जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो, आणि रुग्णाच्या अंगावर भोवतालच्या तारांमधून ५० हर्ट्झचा जो वीजप्रवाहाचा गोंगाट चढतो तो त्याला सहज गिळून टाकतो. एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. दोन हात आणि डावा पाय यांच्या तीन जोड्या, म्हणजे तीन लीड, दाखवणारा आइंटहोवेनचा त्रिकोणही त्याने परीक्षेत काढलेला असतो. पण कागद हातात घेऊन लीड एक (उजवा हात ते डावा हात) आणि लीड दोनमध्ये (उजवा हात ते डावा पाय) गोंगाट आहे, लीड तीन (डावा हात ते डावा पाय) मात्र स्वच्छ आहे, म्हणजे या दोन लीडमध्ये जे समान आहे ते उजव्या हाताचे टोक तपासायला हवे, असा विचार फार थोडे करतात. ते टोक उघडले की किनारपट्टीवरच्या खाऱ्या, दमट हवेने बटणाच्या पितळेवर चढलेला हिरवा थर दिसतो, किंवा वायर वरून शाबूत असून आत तुटलेली सापडते. गोंगाट सगळ्याच लीडमध्ये असेल तर उजव्या पायाचे टोक आणि भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग पाहावे लागते, आणि जुन्या इमारतीत अर्थिंगची पिन केवळ शोभेची निघाल्याचेही मी पाहिले आहे. मशीनमध्ये काहीही बिघाड नसतो. दहा मिनिटांचे काम असते, पण ज्याला ते येत नाही तो मशीनवर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लावतो, कंपनीला फोन करतो, आणि कंपनीचा माणूस मुंबईहून किंवा बंगळुरूहून येईपर्यंत ते मशीन कोपऱ्यात उभे राहते.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या यंत्रांचा प्रश्न केवळ गोव्याचा नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला, त्यामागे देशभरातील सरकारी आरोग्य संस्थांमधल्या पाहणीत राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद पडलेली आढळली, हे कारण होते. यंत्रे विकत घेण्यासाठी पैसा मिळतो आणि उद्घाटनाला पाहुणेही मिळतात, मात्र यंत्र चालू ठेवणारा माणूस घडवण्यासाठी लागणारा वेळ कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

मी स्वतः जेव्हा शेवटच्या वर्षात होतो तेव्हा गोव्याबाहेरच्या एका मोठ्या इस्पितळात मला इंटर्नशिप मिळाली होती. तिथे मी यंत्रांवर क्रमांकाचे स्टिकर चिकटवले आणि त्यांची यादी संगणकात भरली. विभागातल्या कोणालाही माझे नाव विचारायला सवड नव्हती आणि शेवटी मिळालेल्या प्रमाणपत्रावर मी ‘वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचे सखोल प्रशिक्षण’ घेतल्याचे छापलेले होते. तिथल्या अभियंत्यांना मी दोष देत नाही. दोघांच्या अंगावर शेकडो यंत्रे होती आणि मला शिकवणे हे त्यांच्या कामात कुठेही लिहिलेले नव्हते. ते लिहिलेले असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

इस्पितळ व्यवस्थापनांचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझ्याच वरिष्ठांनी घेतलेला आहे: अतिदक्षता विभागात अननुभवी मुलगा फिरायला लागला आणि काही घडले, तर जबाबदार कोण? आक्षेप रास्त आहे. पण ज्या गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण रुग्णांच्या खाटेजवळ दिले जाते, तिथे शिकणाऱ्या हातांची सवय इस्पितळांना नाही असे म्हणता येणार नाही. बांबोळीला गोमेकॉमध्ये, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी रोज वॉर्डात असतात, आणि त्यांनी काय करायचे याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. तशाच पायऱ्या अभियांत्रिकीच्या मुलासाठी आखता येतात. सुरुवातीचे काही आठवडे त्याने केवळ पाहावे आणि नोंदी कराव्यात, मग सेवेतून काढून टाकलेल्या यंत्रांवर हात साफ करावा, त्यानंतर कार्यशाळेत आलेल्या यंत्राची मार्गदर्शकासमोर चाचणी घ्यावी. रुग्णाला जोडलेल्या व्हेंटिलेटरला, सिरिंज पंपाला किंवा डायलिसिस यंत्राला त्याने इंटर्नशिपच्या अखेरच्या दिवसापर्यंत हात लावू नये, हे लेखी असावे आणि त्याची सही घेतलेली असावी.

चाचणीचा उल्लेख केला, त्यावर थोडे थांबतो, कारण महाविद्यालयात न शिकवता येणारी गोष्ट हीच आहे. यंत्र दुरुस्त झाले म्हणजे ते सुरक्षित झाले असे नाही. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या उपकरणांसाठी रुग्णाकडे झिरपणाऱ्या विद्युतप्रवाहाची मर्यादा नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एखादा दोष उद्भवलेला असताना ५० मायक्रोअँपिअर इतकी कडक आहे. घरात बोटाला किंचित झिणझिण्या आल्याचे जाणवते तो प्रवाह याच्या कितीतरी पट असतो. तरी मर्यादा इतकी खाली का, तर त्वचेचा अडथळा ओलांडून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात गेलेला असतो आणि तिथे एवढासा प्रवाहही धोक्याचा ठरू शकतो. हे आकडे पुस्तकात आहेत. पण सेफ्टी अ‍ॅनलायझर (हा झिरपणारा प्रवाह मोजणारे उपकरण) हाताळलेला, अर्थिंगची वायर मुद्दाम सोडवून पुन्हा मोजमाप घेतलेला आणि दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा आकडा शेजारी शेजारी लिहून खाली सही केलेला अंतिम वर्षाचा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. हे उपकरण महाग असल्याने ते प्रत्येक महाविद्यालयाने विकत घ्यावे असे मी सुचवणार नाही. ज्या इस्पितळांकडे ते आहे तिथे विद्यार्थ्याने जावे, इतके सोपे ते आहे.

मार्गदर्शक कोण असावा? विभागातला बायोमेडिकल अभियंता, हे उघड आहे, आणि एका अभियंत्याकडे तीनपेक्षा जास्त विद्यार्थी देऊ नयेत. त्याला या कामाचे मानधन मिळावे आणि त्याच्या वार्षिक मूल्यमापनात हे काम धरले जावे. मात्र वॉर्डच्या सिस्टरना या आखणीत स्थान दिले नाही तर अर्धे शिक्षण हुकेल. एकदा एका विद्यार्थिनीने पेशंट मॉनिटरच्या स्पीकरवर चिकटपट्टी लावलेली पाहिली आणि ती काढून टाकावी म्हणून माझ्याकडे आली. मी तिला आधी सिस्टरशी बोलायला पाठवले. त्या रात्रपाळीच्या सिस्टरनी तिला शेजारी बसवून घेतले आणि तासाभरात तो अलार्म किती वेळा उगाच वाजतो ते दाखवले. अलार्म कधी वाजावा याच्या मर्यादा यंत्राबरोबर आलेल्या होत्या, त्या या रुग्णासाठी कोणी बदललेल्याच नव्हत्या, आणि बोटाला लावायचा प्रोब (मोजमाप घेणारा चिमटा) सैल होता. पट्टी अर्थातच काढली, पण मर्यादा डॉक्टरांना विचारून बदलल्यावर आणि प्रोब नवा लावल्यावर. उपकरणाची रचना करणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणे किती आवश्यक आहे, ते कोणत्याही व्याख्यानातून त्या मुलीला इतके पटले नसते.

आता गोव्याच्या सोयीबद्दल. राज्य लहान असण्याचे तोटे आपण नेहमी ऐकतो, पण या एका बाबतीत लहानपण पथ्यावर पडते. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा इस्पितळे, फोंडा आणि चिखलीची उपजिल्हा इस्पितळे, वाळपई, पेडणे, काणकोण येथील आरोग्य केंद्रे आणि वेर्ण्याची औद्योगिक वसाहत ही सगळी एकाच दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. एका सत्रात विद्यार्थ्याला मोठे इस्पितळ, लहान आरोग्य केंद्र आणि उपकरणे बनवणारा कारखाना या तिन्ही जागा दाखवता येतील. आरोग्य केंद्रातला काळ थोडा असला तरी वगळू नये. मोठ्या इस्पितळात वातानुकूलन, अखंड वीज आणि सुट्या भागांचा साठा असतो. सत्तरीच्या टोकाला जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमट हवा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी चढवते, विजेचा दाब वरखाली होतो आणि वाफेने निर्जंतुक करणाऱ्या एका ऑटोक्लेव्हवर सगळे काम अवलंबून असते. अशा जागी टिकेल असे उपकरण कसे असावे, याचे उत्तर तिथे उभे राहूनच सुचते.

वेर्ण्याचे नाव मी केवळ जवळ आहे म्हणून घेतलेले नाही. क्षयरोगाच्या तपासणीसाठी बॅटरीवर चालणारे, चिपवर आधारलेले ट्रूनॅट हे यंत्र ज्या मोलबायो कंपनीचे आहे ती गोव्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयरोगाच्या प्राथमिक चाचणीसाठी ते मान्य केले आणि कोविडच्या काळात देशभर त्याचा वापर झाला. वीज आणि वातानुकूलित प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही चालावे, ही त्याची मूळ कल्पना आहे. आपल्या आरोग्य केंद्रांची गरज ओळखून बनलेले यंत्र आपल्याच राज्यातून बाहेर पडते आणि आपल्या विद्यार्थ्याला त्या प्रकारचा कारखाना आतून पाहण्याची ठरलेली वाट नाही, ही मला खटकणारी गोष्ट आहे. कारखान्यात तो मुख्यतः नियम आणि कागदपत्रांचे काम शिकेल, आणि ते शिकणे आवश्यक आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले, कमी जोखमीच्या अ आणि ब वर्गांतील उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त जोखमीच्या क व ड वर्गांतील उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. तेव्हापासून या क्षेत्रातील नोकऱ्यांचा मोठा भाग गुणवत्ता, जोखीम विश्लेषण आणि तक्रारींच्या नोंदी यांभोवती फिरतो. एखादी तक्रार वॉर्डातून निघून कारखान्याच्या फाइलमध्ये कशी पोहोचते आणि तिच्यामुळे पुढच्या खेपेची रचना कशी बदलते, हे दोन्ही टोकांनी पाहिलेला पदवीधर कोणत्याही कंपनीला हवाच असतो.

इतरत्र हे कसे होते याचे दाखले द्यायचे तर कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात बायोमेडिकलच्या विद्यार्थ्याची पदवी अभ्यास आणि प्रत्यक्ष काम यांच्या चार-चार महिन्यांच्या पाळ्यांनी पूर्ण होते. पण मला त्याहून जवळचा वाटणारा दाखला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचा आहे. शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने तिथे डॉक्टर आणि अभियंते एकाच संस्थेत काम करू लागले, हृदयाच्या कृत्रिम झडपेचे आधीचे आराखडे अपयशी ठरले तरी काम थांबले नाही आणि १९९० मध्ये ती भारतीय झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. झडप का तुटली हे शस्त्रक्रिया करणाऱ्याने सांगायचे आणि धातू का थकला हे अभियंत्याने सांगायचे, असा तो रोजचा संवाद होता. आपल्याकडे फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि बांबोळीचे इस्पितळ यांच्यात तासाभराचेही अंतर नाही.

मूल्यमापनाविषयी माझे मत ठाम आहे. जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा प्रकल्प अहवाल मागू नये. त्यातली पहिली चाळीस पाने सगळ्यांची सारखी असतात, हे आपणही जाणता. त्याऐवजी नोंदवही मागावी: तारीख, यंत्र, वॉर्डची तक्रार तिच्याच शब्दांत, प्रत्यक्षात काय सापडले, काय बदलले, चाचणीचे आधीचे आणि नंतरचे आकडे, मार्गदर्शकाची सही. जे दुरुस्त झाले नाही त्याचीही नोंद हवी आणि का झाले नाही ते लिहिलेले हवे. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने त्यातली कोणतीही एक नोंद उघडून प्रश्न विचारावेत. तेवढ्यात सगळे कळते.

काही किरकोळ वाटणाऱ्या पण अडवणाऱ्या गोष्टी राहतात. काणकोणहून मडगावला किंवा वाळपईहून बांबोळीला रोज ये-जा करणाऱ्या मुलामुलींना संध्याकाळी उशिरा परतीची बस मिळणे मुश्कील असते, त्यामुळे कामाच्या वेळा ठरवताना कदंबचे वेळापत्रक समोर ठेवावे आणि महाविद्यालयाचा सवलतीचा पास इंटर्नशिपच्या मार्गावरही चालावा. विद्यावेतन द्यावे. पदवीनंतर अप्रेंटिस म्हणून लागणाऱ्याला कायद्याने ते मिळते आणि केंद्र सरकारच्या योजनेत त्यातला निम्मा भार सरकार उचलते, मग शिकत असताना तेच काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशातून बसभाडे का भरावे? एक्स-रे आणि सीटी विभागात जाणाऱ्या विद्यार्थ्याला अंगावर पडलेल्या किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बिल्ला इतर कर्मचाऱ्यांप्रमाणेच मिळाला पाहिजे. मॉनिटरवर आणि अहवालांवर रुग्णांची नावे दिसतात, तेव्हा गोपनीयतेचे हमीपत्र पहिल्याच दिवशी घ्यावे आणि त्याचा अर्थ समजावूनही सांगावा. भ्रमणध्वनीने यंत्राचा फोटो काढताना पडद्यावरचे नाव फोटोत येते, हे मुलांच्या ध्यानातही येत नाही.

यातली एक गोष्ट मात्र आगाऊ केल्याशिवाय भागणार नाही. यंत्रांवर रक्त आणि इतर द्रव लागलेले असतात, म्हणून विभागात पाऊल ठेवण्याआधी हिपॅटायटिस-बीची लस पूर्ण झालेली असणे आवश्यक आहे, आणि तिचे तीन डोस पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा असे घ्यावे लागतात. आठव्या सत्राची इंटर्नशिप जानेवारीत सुरू व्हायची असेल तर पहिला डोस जूनच्या अखेरीस, म्हणजे सातवे सत्र सुरू होण्याआधीच, टोचला गेला पाहिजे. त्यामुळे महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांची यादी आणि इस्पितळांनी मार्गदर्शकांची नावे मे महिन्यापर्यंत संचालनालयाकडे द्यावीत, अशी माझी विनंती आहे. आमच्या विभागातर्फे तीन विद्यार्थ्यांची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे आणि व्यवस्थापनाची परवानगी मिळवण्यासाठी मला संचालनालयाचे एक अधिकृत पत्र पुरेल.

आपला विश्वासू,
एक बायोमेडिकल अभियंता
फोंडा, गोवा